खेळाचे यंत्र आणि वाचनाचे दार

कोलकात्याच्या उत्तर भागात, बागबाजारच्या बाजूला, 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. हे नाव वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतो. इ. स. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरली. बारगीरांची धास्ती कंपनीच्या वखारीपर्यंत पोहोचली आणि शहराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक खणावयाचे ठरले. सहा महिन्यांत जेमतेम तीन मैल खणून झाले. मराठे काही कोलकात्यावर चालून आले नाहीत आणि काम अर्ध्यावरच राहिले. पुढे १७९९ मध्ये या खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेण्यात आला. आज त्या रस्त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची नावे आहेत आणि त्यावरून दिवसरात्र वाहनांची रीघ लागलेली असते.

एका कामासाठी केलेली वस्तू दुसऱ्याच कामी यावी, असे इतिहासात वारंवार घडते. तथापि एक गोष्ट सहसा विसरली जाते. खंदकाचा रस्ता आपोआप झाला नाही. तो भरावा लागला, सपाट करावा लागला, आणि चालणाऱ्या माणसाच्या पायाचा व गाडीच्या चाकाचा विचार करून बांधावा लागला. एवढे केल्यावाचून खंदक हा खंदकच राहतो. व्हिडिओ गेमच्या यंत्रावर इंटरनेट वाचण्याची सोय करण्याचा जो प्रयत्न जगात गेली कित्येक वर्षे झाला, त्याचा इतिहास तपासताना हीच कसोटी उपयोगी पडते.

या इतिहासाचा भारतीय संदर्भ समजून घेण्यासाठी पुन्हा कोलकात्याकडेच वळावे लागते. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले. भारतातील मोबाइल फोनवरचे ते पहिले संभाषण. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती ज्या महानगरांत प्रथम उपलब्ध झाली त्यांत मुंबई, दिल्ली आणि मद्रास यांच्याबरोबर कोलकाताही होते. एकाच पंधरवड्यात दोन दारे उघडली. त्यांपैकी कोणते दार पुढे रुंद होणार, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते.

इंटरनेटचे दार त्या वेळी फारच अरुंद होते. व्यक्तिगत ग्राहकाला २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत. टेलिफोनच्या तारेवरून येणारी माहिती इतकी मंद येई, की एखादे चित्र पडद्यावर वरून खाली ओळीओळीने उमटताना पाहत बसावे लागे. त्यावर संगणकाची किंमत वेगळी. मध्यमवर्गीय घराला संगणक परवडत नव्हता; परंतु दूरचित्रवाणी संच मात्र होता. कोलकात्याचे दूरदर्शन केंद्र ९ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले होते आणि वीस वर्षांत हा संच घरातील बैठकीच्या खोलीचा मानकरी होऊन बसला होता. चांदनी चौक आणि खिदिरपूरचे फॅन्सी मार्केट येथील विजेच्या वस्तूंच्या बाजारांतून आणलेले खेळाचे यंत्रही कित्येक घरांत त्या संचाला जोडलेले असे. तेव्हा, पडदा आहे, यंत्र आहे, केवळ टेलिफोनची तार जोडावयाची बाकी आहे, तर संगणकावाचूनच जगाचे ग्रंथालय घरात का येऊ नये, हा प्रश्न अगदी स्वाभाविक होता. साऱ्या जगात तो विचारला जात होता. गरीब देशांत त्याचे महत्त्व अधिक होते, कारण तेथे खेळाचे यंत्र हे संगणकाला पर्याय ठरू शकेल अशी आशा होती.

व्हिडिओ गेमचे यंत्र, ज्याला आज सर्वत्र 'गेम कन्सोल' म्हणतात, हाही वस्तुतः एक संगणकच असतो. त्यात गणन करणारी चकती असते, स्मृती असते, चित्र उमटविणारी यंत्रणा असते. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने मागवून, त्यांची मांडणी करून वाचकासमोर ठेवणारा कार्यक्रम. संगणकावर तो चालतो, तर कन्सोलवर का चालू नये? जपानच्या सेगा कंपनीने १९९६ मध्ये आपल्या 'सॅटर्न' या यंत्रासाठी 'नेटलिंक' नावाचा जोड काढला आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर संकेतस्थळे दाखविली. त्याच वर्षी ॲपल आणि बांदाई या कंपन्यांनी मिळून 'पिप्पिन' हे यंत्र बाजारात आणले. खेळ आणि इंटरनेट यांचा संगम हेच त्याचे ब्रीद होते. पण ते वर्षभरातच बंद पडले. १९९८ मध्ये जपानात आणि १९९९ मध्ये अमेरिकेत सेगाचे 'ड्रीमकास्ट' आले. टेलिफोनला जोडण्याचे मोडेम त्यात मुळातच बसविलेले होते आणि ब्राउझरची तबकडीही काढण्यात आली होती. २००१ च्या आरंभी सेगाने त्याचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली.

या पहिल्या पर्वाच्या अपयशाची कारणे व्यापारात शोधण्याची प्रथा आहे. व्यापाराचा भाग त्यात होता हे खरे. परंतु वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर अडचण तीन ठिकाणी होती. ती म्हणजे डोळा, हात आणि स्मृती.

प्रथम डोळा. संगणकाचा वाचक पडद्यापासून हातभर अंतरावर बसतो. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आठ-दहा फुटांवर असतो. जुन्या काचनळीच्या संचावर भारतातील पद्धतीप्रमाणे ५७६ दृश्य ओळी असत, अमेरिकेत त्याहून कमी, सुमारे ४८०. त्याही एकदम उमटत नसत; आधी विषम आणि मग सम, अशा आळीपाळीने उमटत. चालत्या चित्राला हे चालून जाई. परंतु अक्षरांच्या बारीक आडव्या रेषा त्यामुळे थरथरत. पडद्याच्या कडा संचाच्या चौकटीखाली झाकल्या जात, म्हणून पानाच्या टोकाचे शब्द गडप होत. जे पान हातभर अंतरावरून वाचण्यासाठी मांडले होते, ते दहा फुटांवरून वाचावयाचे म्हणजे वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून समोरच्या भिंतीला टेकून वाचण्यासारखेच होते.

दुसरा हात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये एक नियम मांडला होता. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ हा त्या लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका वेळ अधिक. माऊस हे साधन या नियमाला फार सोयीचे, कारण त्याने बाण एका झटक्यात पाहिजे तेथे नेता येतो. खेळाच्या यंत्राचा कंट्रोलर वेगळ्याच कामासाठी घडविलेला असतो. उडी मारणे, वळणे, गोळी झाडणे यांसाठी त्याची कळ उत्तम. परंतु शब्द लिहिण्यासाठी पडद्यावर काढलेल्या कळफलकावरून एकेक घर ओलांडीत अक्षर गाठावे लागते.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इंग्रजी टंकलेखन यंत्रावरील अक्षरांच्या तीन ओळी सरळ रकान्यांत मांडल्या आहेत आणि एका वेळी एकच घर सरकता येते, असे धरावे. रोमन लिपीत 'कोलकाता' हा सात अक्षरांचा शब्द लिहावयाचा आहे आणि बोट पहिल्या 'के' या अक्षरावर आधीच आहे. तेथून 'ओ' दोन घरे, 'एल' एक, पुन्हा 'के' एक, तेथून पलीकडच्या टोकाचा 'ए' सात, मग 'टी' पाच आणि शेवटचा 'ए' पुन्हा पाच. एकूण एकवीस वेळा सरकणे आणि सात वेळा कळ दाबणे, म्हणजे अठ्ठावीस क्रिया. साध्या कळफलकावर हेच काम सात क्रियांत होते. चौपट श्रम करून एका शहराचे नाव लिहावयाचे. मग वाक्य लिहिण्याची गोष्टच नको. आणि हे रोमन लिपीचे झाले. या यंत्रांच्या पडद्यावरील कळफलकांत बंगाली अथवा मराठी अक्षरांना स्थानच नव्हते. बाहेरून जोडण्याचे कळफलक वेगळे विकत मिळत. पण ते घेतल्यावर स्वस्ताईचा मुद्दा तेवढा लंगडा पडे.

तिसरी स्मृती. सॅटर्नची मुख्य स्मृती दोन मेगाबाइटची होती. खेळासाठी ती पुरे, कारण खेळ रचणारा कारागीर त्या मर्यादेत बसेल असाच खेळ रचतो. इंटरनेटवरील पानाचा कर्ता मात्र त्या यंत्राला ओळखतही नसतो. शिवाय वाचलेले जपून ठेवावे, तर ड्रीमकास्टसाठी मिळणाऱ्या स्मृतिपट्टिकेची क्षमता १२८ किलोबाइट एवढीच होती. विद्यार्थ्याने एखादा लेख शोधला, तर तो वाचून विसरणे एवढेच त्याच्या हाती उरे.

दुसरे पर्व २००५ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याचा आरंभ मोठा बोलका आहे. सोनी कंपनीच्या 'पीएसपी' या हातात धरावयाच्या यंत्राला आरंभी ब्राउझर नव्हता. परंतु 'वाइपआउट प्युअर' नावाच्या एका खेळात नवी सामग्री उतरवून घेण्यासाठी कंपनीचे एक पान उघडण्याची सोय होती. २००५ मध्ये काही चतुर खेळाडूंनी जोडणीतील पत्ता बदलून त्याच खिडकीतून कंपनीच्या पानाऐवजी इतर संकेतस्थळे उघडून दाखविली. लोकांना वाचावयाचे होते, एवढे यावरून निश्चित होते. त्याच वर्षी सोनीने अधिकृत ब्राउझर दिला. पण पडदा ४८० बाय २७२ बिंदूंचा आणि स्मृती ३२ मेगाबाइटची; जड पान उघडताना स्मृती अपुरी असल्याची सूचना येई आणि वाचन तेथेच थांबे.

निन्टेन्डो कंपनीने अधिक विचार केला. २००६ मध्ये तिच्या 'डीएस' या दोन पडद्यांच्या यंत्रासाठी नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीचा ब्राउझर निघाला. त्यासाठी स्मृती वाढविणारी एक पट्टिकाही सोबत द्यावी लागली. एका पडद्यावर पानाचा पूर्ण आराखडा आणि दुसऱ्यावर त्यातील निवडलेला भाग मोठा करून, अशी त्याची एक रीत होती. म्हणजे दोन पडदे ही मूळची खेळाची सोय वाचनाच्या सेवेला लावली गेली. त्याच वर्षी आलेल्या 'वी' या यंत्रावरही ऑपेराचाच ब्राउझर होता. त्याचा कंट्रोलर पडद्याकडे रोखला की बाण तेथेच जाई आणि एक कळ दाबली की अक्षरे मोठी होत. दहा फुटांवर बसलेल्या माणसाचा डोळा आणि हात यांचा विचार येथे प्रथम झालेला दिसतो. म्हणूनच या यंत्रावरचा ब्राउझर जुन्यांच्या मानाने सुसह्य ठरला. त्याच सुमारास आलेल्या सोनीच्या 'प्लेस्टेशन ३' मध्ये शक्ती कितीतरी अधिक होती. ब्राउझर मात्र तेवढा सुखाचा नव्हता. शक्ती आणि सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा याहून स्पष्टपणे शिकता येणार नाही.

या ठिकाणी कोलकात्यातील एका जुन्या उद्योगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. लायनोटाइप हे छपाईसाठी अक्षरांच्या ओळी ओतणारे यंत्र इंग्रजीसाठी बनले होते. त्याला नव्वद कळा असत. बंगाली छपाईला जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. कोलकात्याच्या 'आनंदबाजार पत्रिके'चे सुरेशचंद्र मजुमदार यांनी राजशेखर बसू यांच्या साह्याने ही संख्या कमी करून १९३५ मध्ये बंगाली लायनोटाइप सिद्ध केला. राजशेखर बसू हे रसायनशास्त्रज्ञ, कोशकार आणि 'परशुराम' या नावाने लिहिणारे विनोदी लेखक. त्यांना यंत्राची मर्यादाही कळत होती आणि वाचकाची सवयही. काही जोडाक्षरे सुटी केली, काही स्वरचिन्हे अक्षराखालून काढून बाजूला बसविली. परक्या यंत्रावर आपली लिपी नुसती लादून भागत नाही. दोन्हींच्या मध्ये बसून कोणीतरी तडजोड घडवावी लागते, हे त्यांनी जाणले होते. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांनीही देवनागरी खिळ्यांची संख्या घटविण्यासाठी असाच खटाटोप केला होता. कन्सोलवरील ब्राउझरच्या नशिबी असे मध्यस्थ फार थोडे आले.

भारताच्या बाबतीत २००८ मधील एक प्रयत्न उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे भरलेल्या एका कार्यशाळेत डेरेक लोमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बाजारांत मिळणाऱ्या अत्यंत स्वस्त खेळयंत्रांकडे लक्ष वेधले. ही यंत्रे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल होती. ती दूरचित्रवाणीला जोडता येत आणि त्यांच्यासोबत कळफलकही मिळे. सुमारे बारा डॉलरच्या या यंत्रावर मुलांना टंकलेखन व इतर विषय शिकवावेत, अशी 'प्लेपॉवर' या नावाने पुढे आलेली ही कल्पना. तिच्यातील सूज्ञपणा असा, की तिने दुबळ्या यंत्राकडून एकदम सारे इंटरनेट दाखविण्याची अपेक्षा धरली नाही; जे त्या यंत्राला झेपेल आणि मुलाच्या हाताला वळण लावील, तेवढेच मागितले.

यानंतरचा काळ दार बंद होण्याचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' वर ब्राउझर आला तो ऑक्टोबर २०१२ मध्ये, यंत्र बाजारात आल्यानंतर सात वर्षांनी. आरंभी तो वापरण्यास वर्गणीदार असणे आवश्यक होते. ही अट २०१४ मध्ये काढण्यात आली. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. या ब्राउझरचा बाण मोबाइल फोनवरून फिरविता यावा, अशी व्यवस्था कंपनीने स्वतःच केली. खेळाच्या कंट्रोलरने वाचन नीट होत नाही, याची ती मूक कबुलीच होय. २०१७ च्या 'निन्टेन्डो स्विच' वर मोकळा ब्राउझर दिलाच नाही आणि २०२० च्या 'प्लेस्टेशन ५' च्या मुख्य सूचीतही तो नाही. याला सुरक्षिततेचे कारणही आहे. ब्राउझरमधील उणिवांचा फायदा घेऊन यंत्राची कुलपे उघडण्याचे प्रकार अनेक कन्सोलवर झाले होते. ज्या खिडकीतून वाचक बाहेर पाहतो तिच्यातूनच चोर आत येतो, असे दिसल्यावर खिडकीच बुजविण्याकडे कंपन्यांचा कल झाला. मायक्रोसॉफ्टने मात्र २०२१ मध्ये आपल्या यंत्रांवर नवा ब्राउझर आणून त्याला माऊस व कळफलक जोडण्याची मुभा दिली. अर्थात, त्यामुळे ते यंत्र तेवढ्या वेळेपुरते पुन्हा संगणकच झाले.

जुन्या यंत्रांची स्थिती याहून शोचनीय आहे. इंटरनेटवरील पाने आता नव्या गुप्तलेखन पद्धतीने पाठविली जातात. ती पद्धत 'वी' किंवा 'पीएसपी' यांच्या ब्राउझरला अवगत नाही. म्हणून यंत्र धडधाकट असूनही त्याला बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत. छापील पुस्तक शंभर वर्षांनीही वाचता येते. वाचनाचे हे दार पंधरा-वीस वर्षांतच गंजले.

मग गरिबाघरी ग्रंथालय नेण्याची ती आशा कोठे फळाला आली? ज्योती बसूंनी १९९५ मध्ये कानाला लावलेल्या त्या दुसऱ्याच यंत्रात. २००७ नंतर मोबाइल फोनचा पडदा बोटाने हाताळता येऊ लागला. तरीही आरंभी त्यावर संगणकाची पाने दुर्बीण लावावी तशी मोठी करून वाचावी लागत. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःची मांडणी बदलणारे पान कसे रचावे, हे मांडून दाखविले आणि पुढे बहुतेक संकेतस्थळांनी तो मार्ग पत्करला. युनिकोडमुळे बंगाली आणि देवनागरी अक्षरे फोनवर आली, त्यांचे कळफलक आले. २०१६ नंतर भारतात माहितीचे दर झपाट्याने उतरले. फोनचा पडदा कन्सोलच्या पडद्याहून कितीतरी लहान. परंतु त्याच्यासाठी पाने नव्याने मांडली गेली, लिपी बसविली गेली, हाताची चाल ओळखली गेली. खंदक बुजवून रस्ता करण्याचे काम येथे झाले. कन्सोलच्या बाबतीत खंदकावर फळ्या टाकून लोकांना चालावयास सांगितले होते.

या इतिहासातून राज्यकर्त्यांनी आणि शिक्षणसंस्थांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. एखादी सोय उपलब्ध आहे, असे कागदावर लिहिणे सोपे असते. ब्राउझर त्या यंत्रांत होताच. वाचक मात्र पहिल्या शब्दाच्या एकविसाव्या सरकण्यापूर्वीच कंटाळून परत खेळाकडे वळत होता. सोय आहे की नाही, हे यंत्राच्या पेटीवरील यादीवरून ठरत नाही. दहा फुटांवर बसलेल्या, हाती एकच कळ असलेल्या आणि आपल्याच भाषेत लिहू पाहणाऱ्या मुलाला ती वापरता आली का, यावरून ती ठरते.